टिकाऊपणा दातावरच्या एनॅमलवर ठरतो

‘पोर्सिलेनचे व्हिनिअर एकदा बसवले की आयुष्यभर बघायला नको’ हे लेखातलं वाक्य मला दंतवैद्य म्हणून खटकलं. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं ते पोर्सिलेन चहा-कॉफीने डागाळत नाही, हे खरंच. प्रश्न असतो पकडीचा. त्याची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खरखरीत करतात, सायलेन हे पकड वाढवणारं रसायन लावतात आणि मग रेझिनने, म्हणजे दंतवैद्यकातल्या गोंदाने, दाताला चिकटवतात. (ही पद्धत 1980 च्या दशकात रुळली. त्याआधी हॉलिवूडच्या नटांचे व्हिनिअर चित्रीकरणापुरतेच असायचे.) खाली एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, शाबूत असेल तर 10-15 वर्षं आरामात जातात, बऱ्याचदा त्याहून जास्त. पण वेडेवाकडे दात झटपट सरळ दिसावेत म्हणून ते जास्त घासून कमी केले आणि एनॅमलखालचा मऊ थर, म्हणजे डेंटिन, उघडं पडलं, की पकड ढिली होते. घासलेलं एनॅमल परत येत नाही. हिरडी वर सरकली की कडेला तपकिरी रेघ दिसते, कधी आत कीडही निघते. झोपेत दात खाणाऱ्यांनी तर नाइट गार्डशिवाय (रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच) या फंदात पडूच नये. पंचविशीत व्हिनिअर बसवणाऱ्याला ते पुढे एकदा तरी बदलावे लागणार, हा खर्च डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवा.