जनरेटर असतोच

आज दुपारी बहिणीकडे जेवायला गेले होते. भाच्याचं लक्षद्वीपला जायचं चाललंय. जेवता जेवताच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. "एसी रात्रभर चालतो ना? लाइट जात नाही ना?" तिकडून उत्तर आलं, "काळजीच नको, जनरेटर असतोच." सगळ्यांचं समाधान झालं आणि गाडी सनस्क्रीनवर गेली. मला मात्र पुढचा घास जाईना. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

जनरेटर असतोच म्हणजे काय, माहितीय? 2012 साली नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही आठवडाभर लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर राहिलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरातल्या मोठ्या बाईंना सगळे उम्मा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायला लागलो. रात्री लाटांच्या आवाजाखाली सतत एक घरघर असायची. डिझेलची. ते डिझेल येतं मुख्य भूमीवरून, शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून. धक्क्यावर पिंपं उतरवताना मी पाहिलीयत, वाळूवर पडलेले काळे डागही पाहिलेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की सगळं अवघड, म्हणून आधीपासून साठा करून ठेवायचा. अख्ख्या लक्षद्वीपची जमीन 32 चौरस किलोमीटर. त्यात माणसं, माड, विहिरी आणि हे डिझेल. आणि आपण इथे बसून म्हणायचं, असतोच!

तिथेच मी दुसरी एक गोष्ट पाहिली. उम्मांचा मुलगा आम्हाला गोड्या पाण्याचा प्लांट दाखवायला घेऊन गेला. चेन्नईच्या एनआयओटीने, म्हणजे आपल्याच सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेने, 2005 साली तो उभारला. दिवसाला एक लाख लिटर पिण्याचं पाणी. बाहेर टळटळीत ऊन, अंगाला सदरा चिकटलेला. आत एक जाडजूड पाइप होता आणि त्यावर पाण्याचे थेंब टपटपत होते, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर येतात तसे. मुलगा म्हणाला, "हात लावा." लावला. बर्फगार! साडेतीनशे-चारशे मीटर खोलवरून वर आलेलं समुद्राचं पाणी होतं ते.

युक्ती ऐकून मी थक्क झाले. वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडायचं, तिथे ते कमी तापमानालाच उकळतं. ती वाफ या गार पाण्याच्या नळ्यांवर धरली की गोडं पाणी. आणि हाच गरम-गारचा फरक वापरून वीजही करता येते. अमोनियासारखा पटकन उकळणारा द्रव वरच्या पाण्याने उकळवायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायची, खालच्या पाण्याने वाफ परत थंड करायची. वीस अंशांच्या आसपास फरक मिळाला की झालं. आपल्या उष्ण समुद्रात तो बारा महिने मिळतो, रात्रीसुद्धा, ढग असले तरी. त्यासाठी पाइप मात्र आणखी खोल, हजारेक मीटरपर्यंत न्यावा लागतो.

आणि आता ऐका. तो गार पाण्याचा पंप कशावर चालत होता? डिझेलच्या विजेवर! ज्या समुद्रात वीज दडलीय त्याचं पाणी वर ओढायला समुद्रापारहून तेल आणायचं. त्या पाइपवर हात ठेवून मी हे ऐकलं आणि मला खरंच रडू आलं.

ही कल्पना काही आजची नाही. जॉर्ज क्लोद नावाच्या फ्रेंच माणसाने 1930 साली क्यूबाच्या किनाऱ्यावर अशी वीज काढून दाखवली होती. 1981 साली जपान्यांनी नाउरू या चिमुकल्या बेटावर प्लांट बसवला आणि त्याची वीज तिथल्या शाळेला दिली. मी शाळेत आयुष्य घालवलंय, मला ते शाळेचं फार लागलं. जपानमधल्या ओकिनावाजवळच्या कुमेजिमा बेटावर तर 2013 पासून वीजही करतात आणि तेच गार पाणी कोळंबी वाढवायलाही वापरतात.

हो, अडचणी आहेत, मान्य. पाण्यातल्या उष्णतेतली शंभरातली जेमतेम तीन हिश्श्यांची वीज होते, त्यातलीही बरीच पंपच खातात. हजार मीटरचा पाइप समुद्रात सोडणं महाकठीण, तुतिकोरिनजवळ आपला एक मेगावॉटचा तरंगता प्रयोग त्या पाइपनेच बुडवला. सोलर स्वस्त पडतो हेही खरं, आणि तिथे तो बसवलाही आहे. बसवू द्या! पण पॅनेल पसरायला जागा लागते, माड तोडून जागा करायची का? आणि रात्रीचं काय? रात्री पुन्हा तीच घरघर.

एकदा पाइप फसला म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसायचं? शहरात पूल बांधताना असं बसतो का आपण? बेटांवरची माणसं मूठभर, 2011 च्या जनगणनेत चौसष्ट हजारच. मतं किती असणार! मला याचाच संताप येतो.

थोडं शांत होऊन लिहिते. कवरत्तीतच समुद्राच्या उष्णतेवर चालणारा 65 किलोवॉटचा प्लांट उभारायचं काम एनआयओटीने हाती घेतलंय, गोड्या पाण्याचा प्लांट त्याच विजेवर चालावा म्हणून. 65 किलोवॉट म्हणजे फार नाही, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढं. पण तो पंप डिझेलविना फिरेल ना! जी मंडळी तिथे खपतायत त्यांना माझा मनापासून नमस्कार.

निघायच्या दिवशी उम्मांनी दोन पेले चहा पुढे ठेवले. एक विहिरीच्या पाण्याचा, एक प्लांटच्या पाण्याचा. पहिला मचूळ, दूध फाटल्यासारखा. दुसरा आपल्या घरच्यासारखा. मुलाकडून सांगवलं, "मुलं लहान होती तेव्हा मी त्यांना पहिलाच दिला." एवढंच बोलल्या आणि पहिला पेला स्वतःकडे ओढून घेतला.

भाच्याला रात्री मेसेज केलाय. कवरत्तीला उतरलास आणि आत सोडलं तर त्या पाइपला हात लावून ये. आणि पंप कशावर चालतोय ते विचारून मला लगेच फोन कर, कितीही वाजले तरी.