पीआर कार्ड संपत आले असता काय करावे

कॅनडाच्या पीआर, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी, कार्डाची मुदत साधारणतः पाच वर्षांची असते आणि ही पाच वर्षे सरकारने आपल्याला निश्चिंत राहण्यासाठीच दिली आहेत, हे सुज्ञांस सांगणे न लगे. मुदत संपायला नऊ महिन्यांहून कमी काळ उरला की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. परंतु इतक्या लवकर अर्ज करणे हे नवख्याचे लक्षण समजावे. मुरलेला माणूस आधी गणपतीसाठी टोरोंटो-मुंबई तिकिटे काढतो, तीही रद्द केल्यास छदामही परत न मिळणारी, आणि बॅगा भरताना सहज म्हणून कार्डावरची तारीख पाहतो. तातडीचा अर्ज करता येतो, हे खरे आहे. त्यासाठी गंभीर आजारपण, मृत्यू, नोकरी अशी कारणे सांगितलेली आहेत. मावसबहिणीच्या डोहाळजेवणाचा त्यात उल्लेख नाही.

अर्जात गेल्या पाच वर्षांत आपण कॅनडाबाहेर केव्हा गेलात, केव्हा परतलात आणि कशासाठी गेलात, असा प्रश्न असतो. याची नोंद आधीपासून मुळीच ठेवू नये. पासपोर्टावरील शिक्के आहेतच. त्यातला मुंबईचा शिक्का जुन्या व्हिसाच्या नक्षीवर उमटलेला असल्याने तारीख 3 आहे की 8, यावर पती-पत्नींमध्ये संध्याकाळभर चर्चा होऊ शकते. कॅनडातून निघताना शिक्का मारण्याची पद्धतच नाही आणि सीमेपलीकडच्या अमेरिकेतील बफेलोला खरेदीसाठी मारलेल्या फेऱ्या तर कोणाच्याच लक्षात नसतात. अशा वेळी बिनदिक्कत अंदाजे तारखा लिहाव्यात. देशाबाहेर जमिनीवरून जाणाऱ्यांची 2019 पासून आणि विमानाने जाणाऱ्यांची 2020 पासून कॅनडाच्या सीमा खात्याकडे नोंद होते, त्यामुळे आपला अंदाज आणि त्यांची नोंद ताडून पाहण्यात अधिकाऱ्याचा वेळ मजेत जाईल.

आता हजेरीचा मुद्दा. पीआरचा दर्जा टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहिले म्हणजे झाले. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी लागायची, इथे चाळीस टक्क्यांत भागते आणि विमान रात्री उशिरा उतरले तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. एवढी सवलत असताना हिशेब 731 दिवसांवर आणून ठेवणे आणि मग वरील अंदाजी तारखांवर विसंबणे, यातच खरे कसब आहे.

फोटो 50 बाय 70 मिलिमीटरचा, हनुवटीपासून माथ्यापर्यंत चेहरा 31 ते 36 मिलिमीटर आणि चेहऱ्यावर कोणताही भाव नसावा, अशी अपेक्षा असते. भारतीय पासपोर्टसाठी काढलेले दोन इंची चौकोनी फोटो घरात उरलेले असतातच, तेच द्यावेत.

नागरिकत्व घेतल्यास हा सगळा खटाटोप संपतो, असे कोणी सुचवील. त्यास सांगावे की भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि ओसीआयधारकास, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड बाळगणाऱ्यास, शेतजमीन विकत घेता येत नाही. आपण आजवर एक गुंठाही घेतलेला नसला, तरी वाट बंद करून कसे चालेल?

शेवटी, कार्ड संपले तरी पीआरचा दर्जा संपत नाही, या खऱ्या वाक्याचा आधार घेऊन खुशाल भारतात जावे. परतताना विमान कंपनी बसू देणार नाही, एवढेच. मग पन्नास डॉलर भरून प्रवासी दस्तऐवजाचा अर्ज करावा आणि तो येईपर्यंत पुण्यात आग्रहाचे जेवण जेवावे. अमेरिकेचा व्हिसा असल्यास आणखी एक मार्ग आहे: न्यू जर्सीतल्या नूअर्कला उतरून खासगी गाडीने जमिनीवरची सीमा गाठली, तर आपली ओळख आणि दर्जा पटवून कॅनडात शिरता येते. यासाठी न्यू जर्सीतील चुलतभावाला रजा टाकायला लावावी. सीमेपलीकडे त्यालाही यायचे असल्याने त्याचे ग्रीन कार्ड कधी संपते आहे, ही चौकशी मात्र बफेलो दिसू लागल्यावरच करावी.