‘दगडच सांगतो’ म्हणे! इनुइट शिल्पांवरच्या फॉरवर्डचा समाचार

गेले काही दिवस मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. वर कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट लोकांच्या अमूर्त पाषाणशिल्पांचे फोटो, खाली ‘माहिती’. तिचा गोषवारा असा: इनुइट शिल्पकार काहीच ठरवत नाही, दगडाला ‘तू कोण?’ असं विचारतो आणि आतला आत्मा आपोआप बाहेर येतो. त्यांना बारीक कोरता येत नाही म्हणून या मूर्तींना हातपाय नसतात. पुढे गोऱ्यांनी इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या कामाचे फोटो दाखवले आणि नक्कल सुरू झाली. तरीही ही हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे (आधीच्या वाक्याशी हे कसं जुळतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक). इग्लूचं चित्र असलेलं लेबल नसेल तर वस्तू नकली. आणि शेवटी, हा दगड साबणासारखा मऊ, भुगा म्हणजे नुसती टाल्कम पावडर, तेव्हा सुट्टीत मुलांना घरीच संगजिरं (सोपस्टोन) घासायला बसवा. माझ्या भाचीने हे वाचून दगड आणि पॉलिश पेपर आणूनही ठेवलेत, म्हणून हा खटाटोप.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. बाकीच्यांनी फार तर अज्ञान वाढेल, याने फुप्फुसं जातील.

खाणीतून आलेलं संगजिरं म्हणजे डब्यातली पावडर नव्हे. त्यात टाल्क या मऊ खनिजाबरोबर इतर खनिजं असतात, आणि काही साठ्यांमध्ये ट्रेमोलाइट किंवा क्रायसोटाइलचे तंतू, म्हणजे चक्क ॲस्बेस्टॉस, मिसळलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 साली टाल्कलाच ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. ॲस्बेस्टॉसचा कर्करोगाशी संबंध तर कधीच सिद्ध झालाय. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की सर्वांत बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगते, आणि पंखा लावला की घरभर. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट प्रदेशातले शिल्पकार कडाक्याच्या थंडीतही घराबाहेर किंवा वेगळ्या शेडमध्ये ग्राइंडर चालवतात ते हौसेने नव्हे.

करायचंच असेल तर मोठ्यांनी करावं. ॲस्बेस्टॉस नसल्याचं तपासून लेखी देणाऱ्याकडूनच दगड घ्या. घासताना दगड आणि कागद दोन्ही सतत ओले ठेवा. कमीत कमी एन-95 मास्क लावा, आणि तो नाकाशी घट्ट बसला पाहिजे. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. गढूळ पाणी मोरीत ओतू नका. बादलीत रात्रभर ठेवा आणि खाली बसलेला गाळ पिशवीत बांधून टाका, नाहीतर पाइप तुंबेल. मुलांसाठी साबणासारखं मऊ काही हवंय ना? मग साबणाची वडीच द्या, ती छान कोरली जाते.

‘साबणासारखा मऊ’ हेही सरसकट खरं नाही. शुद्ध टाल्कची कठीणता 1 ते 10च्या मोहस मापावर 1, नखाची साधारण 2.5, म्हणून टाल्कवर नखाने ओरखडा उठतो. पण नुनावुतमधल्या किनगाइत गावाचा प्रसिद्ध हिरवा दगड मुख्यतः सर्पेंटिनाइट हा खडक आहे, साधारण 3 ते 5. तिथे नखाचं काही चालत नाही. सानिकिलुआक गावाचा दगड आर्जिलाइट, म्हणजे आणखी वेगळाच खडक. दुकानदार या सगळ्यांना ‘सोपस्टोन’ म्हणून मोकळे होतात. आणि फॉरवर्डमधले निम्मे फोटो ज्या आर्वियातचे आहेत, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावाचा करडा-काळपट दगड चांगलाच कठीण असतो.

आता तो आत्मा. ‘तू कोण, आत कोण लपलंय?’ ही गोष्ट कुठून आली ते शोधायला फार खोदावं लागत नाही. एडमंड कार्पेंटर या मानववंशशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात आयविलिक इनुइटांविषयी जे लिहिलं त्यात ती आहे. ती आहे हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्याविषयी: हाताच्या मुठीत मावणारा, फिरवून बघता येणारा तुकडा. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच गॅलऱ्यांच्या माहितीपत्रकांनी ती उचलली, आणि तिथून ती प्रत्येक दगडाला, प्रत्येक गावाला, प्रत्येक दशकाला चिकटली. कुऱ्हाडीने फोडायच्या ठोकळ्याला ती लागू होत नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकू. शिल्पकार दगड खरंच बराच वेळ निरखतो. पण तो भेगा शोधत असतो. दगड ओला करून ठेवला की वरचं पाणी आधी वाळतं आणि भेगेत ओलसर रेघ उरते. हातोडीने टिचकी मारली तर धड दगड खणखणीत वाजतो, आतून चिरलेला बद्द. थर कुठल्या दिशेने आहेत हे बघावं लागतं, कारण थराला आडवा गेलेला बारीक अवयव पहिल्या धक्क्याला सुटतो. भेगेत पाणी राहून गोठलं तर दगड आपोआप उकलतो. ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला तर उष्णतेने तडा जाऊ शकतो. दगड ‘सांगतो’ ते एवढंच, आणि आपल्याकडचे पाथरवटही ते ऐकतातच.

आणि आता सर्वांत संतापजनक वाक्य: कोरता येत नाही म्हणून अमूर्त.

आर्वियातच्या शिल्पकार लुसी तासेओर तुत्स्वीतोक (1934–2012) यांचं एखादं काम नीट बघा. ओबडधोबड ठोकळा, बाजू जवळपास जशाच्या तशा. आणि कडांवर, कोपऱ्यांवर, जिथे दोन बाजू मिळतात तिथे लहान लहान चेहरे: कडेचीच धार नाक झालेली, खाली तोंडाची एक चीर. आई आणि मुलं एकमेकांत अशी मिसळलेली की कुणाचं शरीर कुठे संपतं ते कळत नाही. मधला सपाट भाग मुद्दाम मोकळा. चेहरे कडेलाच का? तिथे दोन-तीन छेदांत नाक उभं राहतं, सपाटीवर तेच नाक काढायला आजूबाजूचा सगळा दगड खाली उतरवावा लागतो. ही अडाणी माणसाची नव्हे, हिशेबी माणसाची निवड आहे.

तिथलेच जॉन पांगनार्क (1920–1980) याहून पुढे गेले. एक गोलसर, किंचित वाकलेला आकार, आणि चेहऱ्याच्या जागी दोन-चार बारीक छेद. बस. अँडी मिकी (1918–1983) यांचे प्राणी जवळजवळ भूमितीतले, तरी कान आणि मान यांच्या कलावरून प्राणी ओळखू येतो. असं काम सोपं वाटणाऱ्याने एकदा कठीण दगडावर कानशीने एक अखंड वळण काढून बघावं. नक्षीकामात चूक झाली तर वर आणखी नक्षी करून झाकता येते. इथे एक जरी खळगा पडला तरी बाजूने उजेड आला की दिसतो, आणि तो काढायचा तर सगळा पृष्ठभागच तेवढा खाली न्यावा लागतो.

झिलईचंही तसंच. किनगाइतची चकचकीत शिल्पं ओल्या पॉलिश पेपरने घासतात, खरखरीत क्रमांकापासून बारीक क्रमांकाकडे: 80, 120, 220, 400, 600 आणि पुढे. एखादी पायरी गाळली तर आधीचे ओरखडे मेण लावल्यावर पांढरे उठून दिसतात. आर्वियातच्या बऱ्याच कामांवर कानशीचे व्रण तसेच ठेवलेले असतात. झिलई केली असती तर चकाकीवर उजेड सांडला असता आणि ते पुसट चेहरे हरवले असते.

राहिला बोटांच्या कौशल्याचा प्रश्न. याच आर्वियातच्या बायका अमाउती, म्हणजे पाठीवर बाळ ठेवायचा अंगरखा, बारीक मण्यांच्या दाट नक्षीने मढवतात. अशा गावाला हात कोरता येत नाही म्हणायला धाडस लागतं, किंवा वाचनाचा अभाव.

नक्कल? इनुइट कलेच्या 1949च्या माँट्रियलमधल्या विक्री-प्रदर्शनानंतर, 1951 साली सरकारच्या मदतीने एक सचित्र पुस्तिका उत्तरेत वाटली गेली. जेम्स ह्यूस्टन या कॅनेडियन कलावंताने काढलेली ती चित्रं ओळखू येणाऱ्या प्राण्या-माणसांची आणि क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाच्या पाटीसारख्या खपाऊ वस्तूंची होती. म्हणजे बाहेरून आलेला दबाव अमूर्ताच्या उलट दिशेचा होता. मोठ्या दगडी शिल्पांना बाहेरच्या बाजारपेठेने जन्म दिला, हे मात्र खरं, नाइलाजाने का होईना मान्य. नंतरच्या पिढीचे अब्राहम आंगिक रुबेन यांच्यासारखे कलावंत अलास्काच्या विद्यापीठात शिकले, त्यांना मूरही माहीत आणि ब्रांकुशी हा आधुनिक शिल्पकारही. मुंबईच्या जे. जे.मधून बाहेर पडलेल्या चित्रकाराला पिकासो माहीत असतो, त्याला आपण नक्कल म्हणतो का?

‘अखंड परंपरा’ थोडक्यात: इनुइटांच्या आधी तिथे नांदलेल्या प्राचीन डोर्सेट संस्कृतीची चिमुकली, शैलीबद्ध कोरीव कामं आहेत, बहुतेक सुळ्यातली आणि हाडातली. आजची दगडी शिल्पं विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. मधल्या काळात लोक बदलले, साधनं बदलली. आतल्या प्रदेशातल्या, नंतर आर्वियातला आलेल्या आहिआर्मिउत या इनुइट गटाला तर 1950च्या दशकात सरकारने वारंवार उचलून दुसरीकडे टाकलं, माणसं उपाशी मेली, आणि माफी मागितली गेली 2019 साली. ‘अखंड’ हा शब्द जरा जपून वापरावा.

लेबलाचं काय? इग्लू टॅग, म्हणजे अस्सल इनुइट कामाला बांधायचं ते लेबल, 1958चा, 2017पासून तो इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. असला तर उत्तम, पण 1958च्या आधीच्या वस्तूंवर तो असणार कुठून, आणि दोऱ्याने बांधलेला कागद हरवतोही. टोरांटोच्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर त्यांना वस्तू उलटी करून तळ बघायला सांगा. इनुइट भाषेच्या अक्षरचिन्हांत कोरलेली सही किंवा इंग्रजी ‘E’ने सुरू होणारा जुना सरकारी क्रमांक दिसतो का? हाताला गार लागते का? रेझिनची प्रतिकृती लवकर कोमट होते, वजनाला हलकी असते, कडेला साच्याची शिवण सापडते, आणि दुकानात शेजारीच तिची हुबेहूब जुळी बहीण उभी असते.