पुसून प्रेशर वाढतंय होय?

तपासणीची तारीख कळली की आमच्या बोटिंगच्या धक्क्यावर लगीनघाई सुरू. वर्षभर कोपऱ्यात कुबट वास मारत पडलेली लाइफ जॅकेटं धुऊन दोरीवर वाळत पडतात. बक्कल तुटलेली? "खालच्या थप्पीत घाल रे ती!" आग विझवायच्या सिलिंडरचा प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यातनं खाली येऊन महिने झाले, कुणी ढुंकून बघितलं नाही. यंदा मात्र मॅनेजरसाहेब त्यालाच फडक्यानं पुसत बसलेले. शेजारी पेट्रोलचा कॅन, बिनबुचाचा!

1917 चा कायदा जाऊन 2021 ला अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला. आमच्या धक्क्याची तिसरी फळी काय हलंना. म्हणजे हलतीय तीच, पाय पडला की खिळा वर. मार्चमध्ये सांगितलं, जूनमध्ये सांगितलं. "बघूया की." शेवटी तपासणीदिवशी तिच्यावर चक्क जास्वंदीची कुंडी ठेवली. धक्क्याच्या मधोमध!

तपासणीचे साहेब आले, "वा, झाडं लावलाय" म्हणाले, तांबडा-पांढरा ओरपून गेले. कोल्हापूरचा पाहुणचार, त्यात कमी नाही. संध्याकाळी कुंडी परत ऑफिसच्या दारात. ती उचलून न्यायला सांगितलं कुणाला? मलाच. आणि खिळा घुसला कुणाच्या चपलेत?