नॅट्रॉन तळ्याचं पाणी लागलं की दगड होतो म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, यंदा तिसऱ्यांदा. टांझानियात नॅट्रॉन नावाचं तळं आहे, त्याच्या पाण्याला हात लागला की पशुपक्षी क्षणात दगड होतात, तिथे एकही जीव जगत नाही, माणसं तिकडे फिरकत नाहीत आणि शास्त्रज्ञांनीही हात टेकलेत. सोबत फांदीवर बसलेल्या करड्या दगडी पक्ष्याचा फोटो. मागच्या दोन वेळा गप्प बसलो, पण आता मावशीनं "बापरे" लिहून तो अजून दोन ग्रुपवर ढकललाय, तेव्हा लिहितोच.

आधी फोटो. तो खरा आहे, पण निक ब्रँड्ट नावाच्या फोटोग्राफरला हे पक्षी आणि वटवाघळं काठावर मेलेली सापडली होती, सोड्याचा थर चढून कडक वाळलेली. त्यानं ती उचलून फांदीवर, पाण्यावर जिवंत असल्यासारखी मांडली आणि फोटो काढले, 2013 मध्ये ते जगभर गाजले. मांडणी आपली आहे हे त्यानं स्वतःच सांगितलंय, फॉरवर्ड करणाऱ्यानं नेमकं तेवढंच गाळलं. आणि साधी गोष्ट बघा ना, पाण्यात पडून मेलेला पक्षी पंख नीट मिटून फांदीवर जाऊन बसेल कसा?

आता "क्षणात दगड". दगड कसला, खारवून वाळवलेला बोंबील म्हणा हवं तर. नॅट्रॉन हे तिथल्या खाराचंही नाव, तो म्हणजे मुख्यतः आपला धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि थोडा खायचा सोडा. शेजारीच ओल डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी आहे, मसाई लोकांचा देवाचा डोंगर, जगात सोडियम कार्बोनेटवाला लाव्हा ओकणारा सध्या जागा असलेला हा एकटाच. तिथली राख, गरम झरे सगळा खार तळ्यात आणून टाकतात, तळ्याला बाहेर जायला वाट नाही, खोली जेमतेम तीन मीटर, वरून ऊन, मग पाणी उडतं आणि खार मागे राहतो. झालं, हेच ते कोडं. मेलेलं शरीर यात पडलं की खार त्यातलं पाणी ओढून घेतो, कुजणं थांबतं. जुने इजिप्शियन ममी करायला हाच नॅट्रॉन वापरायचे, आणि त्यांनाही सुमारे चाळीस दिवस लागायचे हो, क्षणात काही होत नव्हतं! बातम्यांमध्ये कॅल्सिफाय (कॅल्शियम साचून कडक होणं) की काय शब्द आला तिथून दगडाची भानगड सुरू झाली असावी, पण इथला मुख्य कारभार कॅल्शियमचा नाहीच, सोडियमचा आहे.

बरं, पाणी निरुपद्रवी आहे असंही मी म्हणत नाहीये. चमचाभर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बोटं चोळून बघा, बुळबुळीत लागतात, कारण कातडीवरच्या तेलाचा चक्क साबण व्हायला लागतो. नॅट्रॉनचा पीएच (सातला साधं पाणी, वर गेला की खार जास्त) दहाच्या वर जातो आणि पाणी कुठेकुठे चाळीस डिग्रीच्याही वर तापतं. 1950 च्या दशकात लेस्ली ब्राउन हा पक्षीतज्ज्ञ फ्लेमिंगोंची घरटी बघायला त्या चिखलातून चालत निघाला, बुटात सोडा शिरला आणि पाय असे भाजले की हॉस्पिटल गाठावं लागलं. भाजला, पण दगड नाही झाला.

"एकही जीव जगत नाही" हे तर सगळ्यात भारी. अहो, पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या फ्लेमिंगोंची नियमित वीण होणारी ही जवळपास एकमेव जागा आहे! केनियातल्या नाकुरू, बोगोरिया तळ्यांचे गुलाबी काठ बघायला आपली टूर मंडळी जातात ना, त्यातले बहुतेक पक्षी जन्माला आले ते इथेच. तळं आटायला लागलं की मधे सोड्याची बेटं उघडी पडतात, त्यावर चिखलाचे बुटके शंकू बांधून वर एकच अंडं, आणि भोवतीच्या जळजळीत चिखलातून कोल्हा-तरस तिथवर पोचणं मुश्कील. म्हणजे मेसेजमध्ये ज्याला शाप म्हटलंय तेच त्या पिल्लांचं कुंपण आहे. खायला स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ, तेच ज्याच्या गोळ्यांची डबी आपण महागात विकत घेतो. गरम झऱ्यांच्या तोंडाशी तिलापियाच्या जातकुळीतले इवले मासेही आहेत. आणि पाणी लाल दिसतं ते खारात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. आपलं लोणार 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, आठवतंय? तिथेही तपासणीत असलेच खारप्रेमी जीव निघाले, कुणाचा कोप बिप नाही.

माणसं फिरकत नाहीत म्हणे. काठाजवळ एंगारेसेरो नावाचं गाव आहे, मसाई लोक शेळ्या-गुरं घेऊन रोज तिथे वावरतात, धबधब्यापर्यंत नेणारे गाईड आहेत, लेंगाईवर रात्रीत चढवणारेही आहेत, आणि राखेत उमटून घट्ट झालेली हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची पावलं आहेत, चारशेच्या वर (हां, हे दगड झालंय खरं!). सीमेपलीकडे केनियातल्या मागाडी तळ्यातून तर शंभर वर्षांपासून सोडा काढतात, हल्ली तो कारखाना टाटांचा आहे. मागाडी म्हणजे स्वाहिलीत सोडाच, घरोघरी बीन्स लवकर शिजाव्यात म्हणून चिमूटभर टाकतात, आपण छोल्यात टाकतो तसा.

भीती घालायचीच असेल तर खरी घाला ना. नॅट्रॉनवरही मोठा सोडा कारखाना काढायचा घाट टाटा केमिकल्स आणि टांझानिया सरकारनं घातला होता, फ्लेमिंगोंची वीण उधळेल म्हणून जगभर ओरड झाली आणि 2008 मध्ये टाटांनी अंग काढून घेतलं. हे फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेलं नाही.

आणि मावशी, तू विचारलंस म्हणून, हो, आम्ही काठावर गेलो होतो. पायाखाली पांढरा पापुद्रा कुरकुर फुटतो, पापड मोडल्यासारखा, आणि वाळल्यावर चपलेवर खार बसतो. साध्या पाण्यात रात्रभर ठेवली की निघतो. फक्त चामड्याची घालू नकोस.