वेल म्हणजे दोरी नव्हे

"वेल वाकडी चालली होती, म्हणून जरा सरळ केली." काल सकाळी सात वाजता दाजींनी हे वाक्य अगदी सहज उच्चारले, आणि मी हातातली झारी तशीच टाकून वाफ्याकडे धावलो. महाकाय भोपळ्याची ती नऊ पानांची वेल बुंध्यापासून चार बोटांवर मोडून पडली होती. पिळवटली असती, चिरली असती, तरी मातीत दाबून वाचवता आली असती. पण ती कोवळी काकडी मोडावी तशी कट्कन मोडली होती, आणि तुटलेल्या दोन्ही टोकांवर पाण्यासारख्या रसाचे थेंब जमू लागले होते.

सकाळी सात वाजता! रात्रभर मुळांनी ओढलेले पाणी देठादेठात, पेरापेरात भरलेले असते, वेल टणक झालेली असते आणि वाकवली की मोडते. दुपारी ऊन चढून पाने मलूल झाली की तीच वेल मऊ पडते आणि त्या तासाभरातच तिला हात लावायचा असतो. मी चार दिवस नेमके हेच करत होतो. रोज दुपारी तीनच्या सुमारास मी वेलीच्या दोन्ही बाजूंना कैचीसारख्या रोवलेल्या कामट्या हलक्या हाताने दोन बोटे पुढे सरकवायचो आणि कामटी जिथे टेकते तिथे जुन्या सुती कापडाची घडी ठेवायचो. आणखी चार दिवसांत ती आपणहून मातीवर टेकली असती. आठ दिवसांचे हे काम दाजींनी एका हिसक्यात उरकले, तेही कामट्या उपटून बाजूला नीट रचून ठेवल्यावर.

ती वाकडी चाललेली नव्हती. या भोपळ्याचे रोप आधी सरळ उभे राहते आणि पाच-सहा पाने झाली की शेंडा जड होऊन आडवे पडू लागते. ते बहुधा पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध दिशेला झुकते, म्हणून मी रोप लावतानाच ते पान वाफ्याच्या मागच्या कडेकडे येईल असे लावले होते. वाऱ्याने ती थोडी डावीकडे कलली होती, एवढेच. उभेपणातून आडवेपणात जाण्याचे हे आठ-दहा दिवस तिच्या आयुष्यातले सर्वांत नाजूक असतात, कारण सगळे वजन बुंध्याच्या त्या एका वळणावर येते आणि धरून ठेवायला अजून एकही पेर मातीत रुजलेले नसते. नेमक्या याच दिवसांत प्रत्येकाचे हात का शिवशिवतात, हे मला आजवर समजलेले नाही.

मागच्या हंगामात एका परिचितांनी वेल "हलू नये म्हणून" सुतळीने काठीला करकचून बांधली होती. बुंधा दिवसागणिक जाड होतो, सुतळी जाड होत नाही. पंधरा दिवसांत ती सालीत रुतून बसली. त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी वेलीचे तणावे, म्हणजे आधाराला विळखा घालणारे तंतू, काठीवरून ओरबाडून सोडवले, आणि तणाव्याबरोबर पेराची सालही सोलून आली. तणावा कात्रीने कापायचा असतो, ओढायचा नसतो! आणि "प्रत्येक पेरावर माती ओढा" हा सल्ला देणाऱ्यांवर तर माझा जुना राग आहे. इतर पेरांवर माती ओढावी, मुळे फुटून वेल धरली जाते आणि अन्नपाणीही वाढते, हे खरेच आहे. पण फळाच्या लगतची पेरे मोकळी ठेवावी लागतात, हे सांगायला ते विसरतात. भोपळा फुगू लागला की त्याचा खांदा वेलीला वर उचलतो, रुजलेली मुळे तिला खाली ओढतात आणि मधल्या मध्ये देठ तडकतो. माझा एक चांगला वाढलेला भोपळा असाच गेला.

दाजी म्हणाले, "एवढे काय, भोपळाच तर आहे, दुसरे बी लाव." कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षे बियाणे निवडत 'अटलांटिक जायंट' हे वाण घडवले, आणि २०२३ साली अमेरिकेत १२४७ किलोचा भोपळा तोलला गेला, पण तोही कधीतरी असाच नऊ पानांचा होता आणि त्या दिवशी त्याला कोणी सरळ केले नाही. बी पेरल्यापासून फळ धरेपर्यंत दोन महिने जातात आणि फळ पोसायला पुढे तीन महिने लागतात. आज पेरलेले बी थंडीपूर्वी कोठवर पोचणार? एक आठवडा गेला तरी तो फळाच्या वजनातून जातो, कारण भराच्या काळात हे फळ दिवसाला दहा-पंधरा किलोंनीही वाढते.

काल दुपारी मी मोडलेला भाग धारदार पात्याने तिरपा कापला, जखम कोरडी होऊ दिली आणि तिथे पाणी लागू नये म्हणून आळे मागे सरकवले. खाली दोन पाने शिल्लक आहेत. त्यांतल्या वरच्या पानाच्या बेचक्यात एक बगलफूट आहे, करंगळीच्या पेराएवढी. आता तिलाच मुख्य वेल करायचे आहे. ती उभी राहील, पुन्हा झुकू लागेल, पुन्हा त्याच कामट्या रोवाव्या लागतील. त्या मी वाफ्यातून उचलून घरात, माझ्या खोलीत आणून ठेवल्या आहेत, आणि दुपारी तीनच्या आधी वाफ्यात कोणीही पाऊल टाकायचे नाही, असे दाजींसकट सगळ्यांना बजावले आहे.