मॅडम, जरा बघता काय?

झेडपीच्या शाळेत एकदा का तुम्ही प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढलात की संपलं, तुम्ही तंत्रस्नेही शिक्षक. तसा कागदोपत्री शब्दच आहे आमच्याकडे. त्याला पगारवाढ नाही, रजा नाही, फक्त फोन येतात. आमचं केंद्र देवगड तालुक्यात, शाळा सगळ्या वाड्यावाड्यांतून विखुरलेल्या, आणि प्रत्येक शाळेत चाकरमान्यांनी गणपतीला येऊन दिलेला एक तरी टीव्ही किंवा पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा पडदा, आहेच. देणारे फीत कापून, फोटो काढून मुंबईला परत जातात. त्यानंतर तो टीव्ही आणि मी.

बहुतेक वेळा बिघाड वगैरे काही नसतोच हो. प्लग सैल, नाहीतर रिमोटचे सेल उलटे, नाहीतर लाइटच नाही आणि गुरुजी मला विचारतायत की सॉफ्टवेअर गेलं असेल काय. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी गिचमिड दिसते, मग "व्हायरस इलो" म्हणून मला बोलावणं. देवनागरी युनिकोडात १९९१ पासून आहे म्हटलं तर "आमची सवय त्याच्या आधीची" हे उत्तर तयार. ओटीपीची तऱ्हा आणखी वेगळी. तो जातो आधीच्या मुख्याध्यापकांच्या, आमच्या भाषेत एचेमच्या, नंबरवर, ते रिटायर होऊन डोंबिवलीला लेकीकडे असतात आणि दुपारी फोन उशाखाली ठेवून झोपतात. ते उठेस्तोवर ओटीपी मेलेला असतो.

पण खरी मजा फोनवरून दुरुस्ती करण्यात. पलीकडच्या वाडीतल्या शाळेत रेंज फक्त आवाराबाहेरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तेही काजूच्या झाडाकडे तोंड करून उभं राहिलं तर. आणि टीव्ही वर्गात. गुरुजींचा फोन आला, "मॅडम, टीव्ही लावलंय, लॅपटॉपय लावलंय, पण नो सिग्नल म्हणता." म्हटलं रिमोटवर सोर्सचं बटण आहे ना, ते दाबा, आणि ज्या भोकात केबल घातलीय त्याचा नंबर निवडा. गुरुजी गडग्यावरून उतरून वर्गात जाणार, तोवर अर्धं विसरणार, परत गडग्यावर चढून "काय म्हणालात?" दोन-तीन फेऱ्यांतच त्यांना धाप लागली, मग त्यांनी डोकं चालवलं. एक हुशार पोरगा फोन घेऊन गडग्यावर, दुसरा पायरीवर, तिसरा दारात आणि स्वतः गुरुजी रिमोट घेऊन टीव्हीपुढे. मी इकडून सांगितलं, "एचडीएमआय दोन." गडग्यावरच्याने ते बरोबर पुढे दिलं असणार, पायरीवर काय झालं देव जाणे, दारातला पोरगा मात्र बोंबलला, "गुरुजींनू, मॅडम सांगतत, एचेम इले दोन!"

आता एका एचेमनेच माणूस दचकतो, इथे दोन. गुरुजींनी रिमोट खिशात टाकला, शर्ट खोचला, पोरांना हाताची घडी घालायला लावली आणि हजेरीपुस्तक उघडून दाराकडे बघत बसले. मी इकडे हॅलो हॅलो करतेय, आणि गडग्यावरचा पोरगा म्हणतोय, "मॅडम, आत एकदम शांत झाला हा, टीव्ही सुधारलो वाटता."

पावसाळ्यात तर विचारू नका. आमच्याकडे चार महिने हवेला पाणी सुटलेलं असतं आणि बाकीचे आठ महिने खारा वारा. कॉम्प्युटर नुसता झाकून ठेवला तर जूनमध्ये बंद केलेला सप्टेंबरात उठत नाही. मग रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काढायची, तिचे सोनेरी दात पोरांकडून मागून घेतलेल्या खोडरबराने घासायचे, परत बसवायची, की बऱ्याचदा चालू. जुन्या बाईंनी एक चांगलं केलं होतं, कपाटात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ठेवलेला. त्या उबेने बुरशी धरत नाही. माझ्या मते आख्ख्या शाळेतलं सगळ्यात भरवशाचं तंत्रज्ञान तेच.

तर ते पॅनल. एका शाळेत गणपतीच्या सुट्टीनंतर ते आपोआप चालायला लागलं. म्हणजे कोणी हात न लावता पानं उलटायची, मध्येच गणिताचा व्हिडिओ बंद होऊन बेडकाचं जीवनचक्र सुरू व्हायचं, आणि पडद्यावर उजव्या कोपऱ्यात लाल रेघा ओढल्या जायच्या. मी पोचले तर पोषण आहाराच्या मावशी डाळ ढवळायची सोडून दारात उभ्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्या साधा नाय हा. ह्या जाग्यार पयलो वड होतो. तोडूच्या आदी कोणी इचारल्यानी काय?" शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष नारळ घेऊनच आले होते. मग रीतसर गाऱ्हाणं झालं. "बा देवा महाराजा, ही जी काय पॅनलाची आडअडचण इली हा, ती दूर कर महाराजा!" आणि पहिली ते चौथी सगळा पट एका सुरात, "व्हय महाराजा!" कवितेला एवढा आवाज निघत नाही.

त्यांचं चाललं होतं तोवर मी चौकट बघत होते. अशा पॅनलमध्ये बोट लागल्याचं काचेला कळत नाही. चौकटीच्या आतल्या कडेने बारीक दिवे असतात, ते डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण उभे-आडवे सोडतात, आणि बोट मध्ये आलं की किरण अडतो, त्यावरून यंत्र ओळखतं की इथे टेकवलं. बोटाऐवजी दुसरं काही अडलं तरी यंत्राला ते बोटच. उजव्या कोपऱ्यात, कडेला अगदी चिकटून, कुंभारीण माशीने चण्याएवढं मातीचं घर बांधलं होतं. वाळून कडक झालेलं, वर बोटाच्या पेराच्या खुणा असाव्यात तशा बारीक वळ्या. पोरांच्या पट्टीने हलकेच खरवडलं, कोरड्या फडक्याने कड पुसली. बेडूक थांबला.

"बघल्यात?" अध्यक्ष नारळ फोडत म्हणाले, "लगेच पावलो."

मी माशीचं घर हातात धरून दाखवलं, किरणांचं सगळं समजावून सांगितलं, पोरांना पटलं, मावशींना नाही. पुढच्या महिन्यात त्या शाळेत गेले तर पॅनलशेजारी मुख्याध्यापकांच्या सुवाच्य अक्षरात सूचना चिकटवलेली. बिघाड झाल्यास एक, लाइट आहे काय ते पाहणे. दोन, बंद करून चालू करणे. तीन, गाऱ्हाणे घालणे. चार, मॅडमना फोन.